खोक्याची पाठ

अमेरिकेतल्या कुठल्याही सुपरमार्केटात जा, फ्रीझरच्या काचेआड शाकाहारी ब्रेकफास्ट सँडविचची खोकी रांगेनं उभी असतात. दर्शनी बाजूवर भाजलेला मफिन, त्यातून ओघळणारं चीज आणि प्रोटीनचा ठळक आकडा. मिठाचा आकडाही त्याच खोक्यावर छापलेला असतो. फक्त पाठीमागे, बारीक अक्षरात.

न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांतही ही खोकी पोचली आहेत. पोचणारच. सकाळी मुलांची बस, नवरा-बायको दोघांची नोकरी. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की नाश्ता तयार, कढई घासायची नाही. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण रोज खायचं तर त्यात काय आहे, हे बघायला नको?

आधी गोठवण्याची भीती सोडा. उणे 18 अंशांत जंतू वाढत नाहीत, त्यामुळे टिकवण्यासाठी वेगळं रसायन घालावंच लागतं असं नाही. जीवनसत्त्वंही बरीचशी शाबूत राहतात. बिचाऱ्या फ्रीझरवर खापर फोडू नका. जे काही बिघडायचं ते त्याच्या आधी, कारखान्यातच बिघडलेलं असतं.

‘घरचे पोहे कधीही चांगले’ हेही डोळे मिटून म्हणू नका. बशीभर कांदेपोह्यांत प्रोटीन जेमतेम पाचेक ग्रॅम. अंडं, चीज आणि सोयाची टिक्की असलेल्या सँडविचमध्ये ते सहज 12 ग्रॅमच्या पुढे जातं. सोयाचं प्रोटीन दुय्यमही नाही. शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यात असतात. कॅलरी तीनशेच्या आसपास, म्हणजे नाश्त्याला रास्त. प्रोटीनच्या बाबतीत खोकं खरं बोलतं.

मग अडचण कुठे आहे?

मिठात.

या सँडविचचा मूळ साचा 1972चा. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात हर्ब पीटरसन यांनी मॅकडोनाल्ड्ससाठी ‘एग मॅकमफिन’ बनवलं : गोल मफिन, गोल अंडं, चीज आणि डुकराच्या मांसाची चकती. शाकाहारी खोक्यात मांस काढून सोयाची टिक्की बसवली जाते. बाकीचा साचा तोच. मांस गेलं, मीठ तिथेच राहिलं.

आणि हे मीठ एका जागी नसतं. मफिनच्या पिठात मीठ असतं, बेकिंग पावडर असेल तर तिचा सोडियम वेगळा. प्रक्रिया केलेलं चीज एकजीव राहावं म्हणून त्यात सोडियमचे फॉस्फेट किंवा सायट्रेट क्षार घालतात, चवीचं मीठ त्याशिवाय. वेगळ्या काढलेल्या सोया प्रोटीनला स्वतःची रुचकर चव नाही, म्हणून टिक्कीत पुन्हा मीठ. अंड्याच्या चकतीतही थोडं असतंच. चार थरांत विभागलेलं मीठ जिभेला खारट लागत नाही. बेरीज मात्र अनेक सँडविचमध्ये सहाशे-सातशे मिलिग्रॅम सोडियमच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणजे सकाळी आठच्या आत एक तृतीयांश कोटा संपला.

उरलेल्या दिवसात लोणचं आहे, पापड आहे, संध्याकाळचं फरसाण आहे. त्यांचा हिशेब कोण करणार?

तुमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील, तर हा हिशेब तुम्हीच करायचा आहे. ‘व्हेज आहे, हलकं आहे’ म्हणून त्यांच्या ताटलीत हे ठेवताना आधी खोकं उलटं करा. आणि एक विसरू नका, अमेरिकेत ‘व्हेजी’ लिहिलेल्या ब्रेकफास्ट सँडविचमध्ये अंडं बहुधा असतंच. भारतात अंड्याच्या पदार्थावर हिरवा ठिपका छापता येत नाही. अमेरिकेत त्या ठिपक्याची सक्ती नाही. आईला अंडं चालत नसेल तर तिला ते खाल्ल्यावर कळू नये.

आता भाजी शोधा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, हा ग्राहकाच्या हातातला सर्वांत धारदार कायदा आहे. वाचत जा : पीठ, पाणी, अंडं, चीज, सोया प्रोटीन, तेल. नावात पालक असला तरी यादीत तो कितव्या नंबरावर येतो ते बघा. अमेरिकी लेबलप्रमाणे दिवसाला 28 ग्रॅम तंतू लागतात. मैद्याच्या मफिनचं सँडविच त्यातले दोन-तीन ग्रॅम देतं. एक पेरू बरोबर खाल्ला तर तो सँडविचपेक्षा जास्त देईल, आणि त्यालाही कढई लागत नाही.

‘फक्त पांढऱ्याचं’ म्हणजे बलकाविना बनवलेलं सँडविच तर आपल्या लोकांनी दहादा विचार करून घ्यावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलंय की आपल्याकडे बी-12ची कमतरता घराघरांत आहे. मांस-मासे न खाणाऱ्याला बी-12 मिळतं ते दूधदुभत्यातून आणि अंड्यातून. अंड्यात ते मुख्यतः बलकात असतं. ड जीवनसत्त्वही तिथेच. कोलेस्टेरॉलच्या धाकानं बलक टाकून द्यायची फॅशन आली. अमेरिकेच्याच आहार मार्गदर्शिकेनं रोजची 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा 2015च्या आवृत्तीतून काढून टाकली. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी ‘लाइट’ या शब्दासाठी बी-12 का गमवावं?

असं सँडविच अतिप्रक्रिया केलेल्या अन्नात मोडतं, म्हणून एक प्रयोग माहीत असायला हवा. 2019मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. वाढलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, तंतू जुळवलेले. खा हवं तितकं. अतिप्रक्रियेच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. प्रयोग छोटा होता, थोड्या दिवसांचा होता. पण मऊ सँडविच चार घासांत संपल्यावर दुसऱ्याकडे हात का जातो, हे विचारण्याइतका पुरेसा होता.

म्हणून काय, खोकं फेकून द्यायचं? नाही. आठवड्यातून एखाद-दोनदा घाईच्या सकाळी खा. निवडताना मिठाचा आकडा आधी बघा. लेबलवर दिवसाच्या गरजेची टक्केवारी असते. 5 किंवा कमी म्हणजे कमी, 20 किंवा जास्त म्हणजे जास्त. दोन खोकी शेजारी धरली तर फरक अर्ध्या मिनिटात कळतो. ज्या दिवशी सँडविच, त्या दिवशी लोणच्याला सुट्टी.

पण सगळं ओझं गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर का?

जानेवारी 2025मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं प्रस्ताव मांडला : संपृक्त चरबी, सोडियम आणि वरून घातलेली साखर ‘कमी’, ‘मध्यम’ की ‘जास्त’, हे खोक्याच्या दर्शनी बाजूवर छापा. तिथे सोडियमचा दिवसाचा आकडा 2300 मिलिग्रॅम. त्याचे 20 टक्के म्हणजे 460. प्रस्ताव लागू झाला तर आपल्या सँडविचपैकी बहुतेकांच्या तोंडावर ‘जास्त’ उमटेल, प्रोटीनच्या त्या ठळक आकड्याच्या शेजारी. चिलीनं तर 2016पासूनच अशा पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले आहेत. मीठ जास्त, की अष्टकोन. प्रोटीन कितीही असो.

भारतात 2022च्या मसुद्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पाकिटावर तारे सुचवले : जितकं आरोग्यदायी, तितके जास्त. ताऱ्यांच्या त्या गणितात मीठ-साखरेचे उणे गुण असतात, पण प्रोटीन आणि तंतूंच्या गुणांनी त्यांची भरपाई करता येते. म्हणजे सोयाची टिक्की थोडी जाड केली की मफिनमधलं मीठ ताऱ्यांत झाकलं जाईल. रक्तदाबाच्या रोग्याच्या शरीरात ते झाकलं जात नाही. आपल्याला चिलीचा अष्टकोन हवा आहे.