कृष्णाची अडचण

आश्विन वद्य चतुर्दशी जवळ आली की गोव्यातल्या तालुक्याच्या कुठल्याही गावात संध्याकाळी सातनंतर तरुण मुलगा घरी सापडत नाही. तो नरकासुराच्या मंडपात असतो. परीक्षेसाठी जो कधी जागला नाही, आजोबांच्या आजारपणात ज्याला दहाला झोप आली, तो राक्षसाच्या दंडावर कागदाचे थर चढवीत पहाटेपर्यंत ताठ बसतो. आजच्या पिढीपुढे ध्येय नाही म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावं. ध्येय आहे, आणि ते विजेच्या तारांना लागेल एवढं उंच आहे.

असा सुरेख चाललेला उत्सव दरवर्षी एकाच माणसामुळे अडतो. म्हणून या सदराची नम्र मागणी आहे की पुढच्या दिवाळीपासून कृष्ण रद्द करावा.

मागणी भावनेच्या भरात केलेली नाही. हिशेब पाहा. नरकासुराला सळ्यांचा सांगाडा लागतो, वेल्डर लागतो, मान हलवायला मोटर, डोळ्यांत लाल दिवे, तोंडातून धूर, खाली चाकांची ट्रॉली, मागे जनरेटर आणि त्याच्याही मागे छातीत धडकी भरवणारी आवाजाची भिंत. कृष्णाला काय लागतं? पुठ्ठा. तोही गेल्या वर्षीचा चालतो. पुठ्ठा भिजला असेल तर वाड्यावरचा सातवीतला एखादा मुलगा धरून आणतात, कुणा वहिनीचं पिवळं उपरणं त्याला गुंडाळतात आणि मोटारसायकलच्या मागे बसवून मिरवणुकीत सोडतात. रात्री दोनपर्यंत तो चक्र धरून उभा असतो. तीन वाजता ट्रॉलीच्या कडेला बसतो. प्रत्यक्ष वधाच्या वेळी भगवंत आईच्या मांडीवर झोपलेले असतात. वध मग पेट्रोलची बाटली आणि आगपेटी उरकते. एवढ्यासाठी एक जास्तीचं पात्र पोसायचं कशाला?

सत्यभामेचा प्रश्न आपण कधीच सोडवला आहे. भागवतात कृष्ण गरुडावर बसून प्राग्ज्योतिषपुरावर चालून गेला तेव्हा ती त्याच्याबरोबर होती, आणि काही कथांत तर बाण तिचाच लागतो. मिरवणुकीत ती क्वचित दिसते. ती घरी आहे. दुधातले, ताकातले, रोसातले, गुळातले आणि तिखसे असे पाच तऱ्हेचे फोव सकाळी पानात पडायचे तर कुणीतरी नारळ खवायला हवा, आणि असुर मारून दमलेली मंडळी सहाला भुकेली परततात.

नरकासुराची लोकप्रियता मात्र समजण्यासारखी आहे. पुराणं नीट वाचली तर तो आपल्याला बराच ओळखीचा वाटतो. तो भूदेवीचा मुलगा, म्हणजे जमिनीशी त्याचा थेट संबंध, आणि जमिनीशी संबंध असलेला माणूस गोव्यात मागे पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्याने अदितीची कुंडलं नेली, मंदर पर्वताचं मणिशिखर ताब्यात घेतलं, सोळा हजार शंभर स्त्रिया कोंडून ठेवल्या. अखेर कृष्णाने त्याला मारलं. पण गादी कुणाला दिली? त्याच्याच मुलाला, भगदत्ताला. बाप गेला, मतदारसंघ घरात राहिला. या भगदत्ताने पुढे महाभारत युद्धात कौरवांचा पक्ष धरला आणि ज्याने गादीवर बसवलं त्याच्याच रथावर अस्त्र सोडलं. गोव्याच्या वाचकाला हा भाग समजावून सांगण्याची गरज नाही.

तिकडे आसामात तर कामरूपच्या राजांनी नरकासुराला मूळपुरुष मानलं. हर्षवर्धनाचा समकालीन भास्करवर्मा आपला वंश त्याच्यापर्यंत नेतो. आपण त्याला जाळतो, ते त्याला वंशावळीत बसवतात. आपले लोक जरा भिडस्त, म्हणून फक्त त्याच्या मागे फलक लावतात. फलकावर शुभेच्छुकांचे हसतमुख चेहरे, पुढे दात विचकलेला एक. लांबून पाहिलं तर कोण कुणाचा शुभेच्छुक, ते चटकन कळत नाही.

आता आवाजाचं. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नको. राज्य सरकारला वाटलं तर सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. नियम करणाऱ्यांनी नरकासुराची दिनचर्या विचारात घेतलेली दिसत नाही. तो मध्यरात्रीनंतर खुलतो. 45 डेसिबलमध्ये आमच्या समितीच्या अध्यक्षांना साधं ‘थांब रे’सुद्धा म्हणता येत नाही. कायद्याचा मान राखावा म्हणून दहाच्या ठोक्याला सूत्रसंचालक ‘आवाज थोडा कमी करा’ असं सांगतो. ते ध्वनिवर्धकावरूनच सांगावं लागतं.

पावसाचा उपद्रव वेगळा. परतीचा पाऊस नरकासुर स्पर्धेचं वेळापत्रक बघत नाही. पुराणात नरकासुराने वरुणाचं छत्र पळवल्याचा उल्लेख आहे, आणि गंमत म्हणजे त्या छत्रातून पाणी झरायचं. आज त्याच्या डोक्यावर निळी ताडपत्री असते. गुण तेच.

तरीही भिजलेला नरकासुर कसाबसा पेटतो. अर्थात सगळा नाही. सांगाडा महाग आहे. तो पुढच्या वर्षी लागतो, म्हणून काळजीपूर्वक बाजूला काढतात. मुखवटा चांगला जमला असेल तर तोही वाचवतात. जळतो तो पेंढा आणि रद्दी. दुष्टाचा नाश झाला अशी घोषणा होते, टाळ्या पडतात आणि दुष्टाचा मुख्य भाग टेम्पोत घालून गोदामात जातो. उरलेल्या तारा, खिळे आणि अर्धवट जळलेल्या पट्ट्या चौकात राहतात. पहाटे पाव घेऊन निघालेल्या पोदेराच्या सायकलचं चाक त्यांवरून जातं, आणि त्या दिवशी असुराने घेतलेला शेवटचा बळी म्हणजे ती ट्यूब.

हा सगळा खटाटोप चाललेला असताना घरोघरी मात्र तोच वध अगदी गबाळेपणाने उरकला जातो. अंगाला तेल लावलेला माणूस तुळशीपुढे उभा राहतो, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट ठेवतो आणि फट्‌कन फोडतो. झाला नरकासुर. रानात फुकट मिळणारं कडू फळ, ना वर्गणी, ना परीक्षक, ना पारितोषिक. असल्या स्वस्त आणि लगेच संपणाऱ्या वधामुळे उत्सवाची प्रतिष्ठा कमी होते. कारिटांवर काही निर्बंध आणता आले तर पालिकेने विचार करावा.

कृष्ण रद्द करण्याला एकच आक्षेप निघेल: नरकासुर मरणार कसा? पण तो मरावा असं नेमकं कुणाला वाटतं? मुखवटेवाल्याला नाही, जनरेटरवाल्याला नाही, बक्षीस लावणाऱ्याला तर मुळीच नाही. सर्वांची सोय पाहायची तर त्याला वर्षभर चौकातच उभा ठेवावा. रहदारीला अडथळा होईल, पण आमच्या चौकातली रहदारी त्याच्यावाचूनही हलत नाही.

समितीने हा प्रस्ताव फेटाळला, तर वाचकांना एक विनंती. यंदा वर्गणी मागायला पोरं दारात आली की पैसे द्या, मोकळ्या मनाने द्या. फक्त कृष्णाच्या नावाने वेगळी पावती मागा. कुणाला मिळाली तर तिची एक प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा.