टोचनवाल्या पिकअपदादांस

प्रिय पिकअपदादा,



परवा खंबाटकी घाटात साताऱ्याकडे चढताना तुमच्या पिकअपचं दर्शन झालं. म्हणजे एका वळणावर ओझरतं झालं. एरवी तुमच्या-माझ्या मध्ये सहाचाकी ट्रक होता आणि तो बंद इंजिनानिशी घाट चढत होता. मला वाटलं, दैवी चमत्कार. मग नायलॉनचा दोर दिसला.

ट्रक रिकामा होता, हे तुमच्या बाजूने मान्य. पण रिकामा म्हणजेही पाच-सहा टन, आणि तुमची गाडी सिमेंटच्या गोण्यांसकट जेमतेम त्याच्या निम्मी. गोण्या उतरवल्या नाहीत हे शहाणपण. मागच्या चाकांवर वजन नसतं तर ती जागीच फिरली असती. फोक्सवॅगननेही २००६ मध्ये डिझेल टूआरेगला १५५ टनांचं बोईंग ओढायला लावलं, तेव्हा गाडीत चार टनांहून जास्त वजन भरलं होतं. फक्त ती इंग्लंडातली सपाट धावपट्टी होती, अंतर दीडशे मीटर, आणि विमानामागे प्रवाशांनी भरलेली एसटी नव्हती. सपाटीवर टनामागे दहाएक किलोचा जोर पुरतो. विसास एक चढ आला की टनामागे आणखी पन्नास किलोचा लागतो. तुमच्या क्लचप्लेटचा वास माझ्या गाडीत येत होता तो त्यामुळे.

ओढण्याबद्दल तक्रार नाहीच. थांबवणार कोण होतं, तेवढं सांगा.

इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीतली हवा उतरली की ब्रेक आपणहून आवळतात, चाकं जाम. म्हणून कोणी तरी खाली शिरून स्प्रिंग ब्रेकचे बोल्ट फिरवतं आणि चाकं मोकळी करतं. टोचन लागतं, गाडी हलते, सगळे खूश. आता त्या ट्रकला ना पायाचा ब्रेक, ना हाताचा. पॉवर स्टिअरिंगही मेलेलं. आणि त्या स्टिअरिंगला लोंबकळत मिसरूड न फुटलेला क्लीनर!

दोर तुटला तेव्हा त्या पोराचा चेहरा आरशात दिसला मला. तुम्हाला नाही दिसला, तुम्ही पुढे होतात. ट्रक मागे सरकत आला. ट्रकच्या ड्रायव्हरने खाली उडी टाकून चाकामागे दगड सारला, म्हणून हे पत्र मीच लिहितोय, घरच्यांना लिहावं लागलं नाही. आणि तुम्ही काय केलंत? त्याच दोराला गाठ मारलीत! अहो, अक्कल गहाण टाकली होती काय? वर पोचल्यावर वाईकडचा उतार होता. दोर ओढतो, अडवत नाही. तिथं तो ट्रक तुमच्याच फाळक्यावर बसला असता.

१९८९ च्या रस्तानियमांत होतं : दोर पाच मीटरांपेक्षा लांब नको, ‘ऑन टो’ची पाटी हवी, मागच्या स्टिअरिंगवर लायसनवाला हवा, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत हवा. यातला वेगाचा नियम आपण तंतोतंत पाळलात. अभिनंदन.

पुढे ढाब्यावर ड्रायव्हर भेटला. त्याने सांगितलं, दोन तास उन्हात उभा होता, शेकडो गाड्या हॉर्न मारत गेल्या, थांबलात तुम्ही एकटे. पैसेही डिझेलपुरतेच घेतलेत. क्रेनचा आकडा ऐकून मालक फोनवर म्हणाला होता, ‘एखादी पिकअप बघ की.’

तुमची क्लचप्लेट गेली असेल तर तिची पावती त्या मालकाकडे पाठवा. आणि पुन्हा कुठे टोचन लावायचंच झालं, तर त्या पोराला खाली उतरवा, मालकाला घरून बोलावून घ्या आणि स्टिअरिंगवर त्याला बसवा. दोर मी आणतो.

आपला,
ट्रकच्या मागचा