लिटरराव ओव्हन घेतात

घरात ओटीजी घेणारा माणूस एक असतो आणि वापरणारा दुसरा, ही गोष्ट ओव्हन बनवणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखली आहे. म्हणून तर खोक्यावर केकचे फोटो वापरणाऱ्यासाठी छापतात आणि आकडे घेणाऱ्यासाठी. या घेणाऱ्याला आपण सोयीसाठी लिटरराव म्हणू. वय पंचेचाळीस ते साठ. मुक्काम डोंबिवली, कोथरूड किंवा नाशिक. पण सावंतवाडीतही सापडतात. दसऱ्याच्या सुमाराला ते एक्सेलची शीट उघडतात आणि रकाने पाडू लागतात: लिटर, वॅट, कमाल तापमान, टायमर, पंखा, आतला दिवा, काच एकेरी की दुहेरी, गॅरंटी, वजन. दिवाळीपर्यंत शीट आडवी सरकवल्याशिवाय वाचता येत नाही. चहाची गाळणी कुठल्या खणात असते, हे मात्र त्यांना विचारू नये. माझं म्हणणं एवढंच आहे की लिटररावांचा अभ्यास खरा असतो, त्यांचे आकडेही बरोबर असतात, आणि तरी त्यांचा ओव्हन चुकतो. खोक्यावर जे छापता येतं तेवढंच ते मोजतात. ओव्हन त्या घरात नांदणार की नाही, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्या कुठल्याच खोक्यावर छापलेल्या नसतात.

लिटरांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांची सुरुवातही तिथूनच होते. लिटर म्हणजे ओव्हनच्या आतल्या पोकळीचं घनफळ. पाण्याच्या टाकीला हे माप शोभतं. केकला पोकळी लागत नाही, बूड टेकायला जागा लागते. किलोभर केकचं भांडं साधारण आठ इंची, म्हणजे वीस सेंटिमीटर व्यासाचं. त्याला कान असतील तर आणखी चार बोटं धरा. सारख्याच लिटरांचे दोन ओव्हन असतात, त्यातला एक उंच आणि अरुंद, दुसरा बुटका आणि पसरट. एकात हे भांडं सुखानं बसतं, दुसऱ्यात दार लागत नाही. शीटमध्ये मात्र दोघांना एकच आकडा आणि एकच मान. नऊ-दहा लिटरांच्या छोट्या ओव्हनची अडचण वेगळी. त्यात भांडं कसंबसं बसलं तरी फुगलेला केक वरच्या रॉडच्या इतका जवळ जातो की माथा करपतो आणि पोट कच्चं राहतं. तो ओव्हन टोस्टसाठी आणि पाव गरम करण्यासाठी. चार माणसांच्या घराला पंचवीस-तीस लिटर पुष्कळ झाले, आणि हे लिटररावांनाही पहिल्या आठवड्यात पटलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यात ते शीटमध्ये एक नवा रकाना घालतात: दर लिटरला पडणारे रुपये. हा रकाना आला की संपलं. ओव्हन जितका मोठा तितका लिटर स्वस्त पडतो, म्हणून या हिशेबात सगळ्यात मोठा ओव्हन नेहमीच जिंकतो. अठ्ठावीस लिटरांवर ठरलेली गोष्ट पस्तीसवर जाते आणि अठ्ठेचाळीसवर येऊन थांबते, कारण साठ लिटरांचा त्या दिवशी स्टॉकमध्ये नसतो.

मग तो घरी येतो. आपल्याकडचा ओटा जेमतेम दोन फूट खोल. त्यावर शेगडी, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, भांडी निथळत ठेवायची जाळी आणि पोळ्यांचा डबा आधीपासून वहिवाटीनं बसलेले. अठ्ठेचाळीस लिटरांचं धूड अर्ध्या मीटरहून रुंद असतं. शिवाय अंग तापतं म्हणून त्याला मागे आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. आणि दार खाली उघडतं, म्हणजे उघडलं की पुढची वीतभर जागा तापलेल्या काचेची. एवढी मोकळी जागा ज्या स्वयंपाकघरात असते त्या घरचे लोक बहुधा बाहेरूनच जेवण मागवतात. इतरांकडे ओव्हन आधी डायनिंग टेबलावर, मग बाल्कनीत वॉशिंग मशीनवर आणि शेवटी बेडरूममधल्या कपाटावर जातो. कपाटावरचा ओव्हन वर्षातून चारदा उतरवायचा म्हणजे दोन माणसं आणि एक स्टूल लागतं. त्यानंतर केक करायला जो उत्साह लागतो तो कुठल्याच कंपनीच्या गॅरंटीत येत नाही.

लिटररावांना सगळ्यात प्रिय असते ती मोटरवर फिरणारी सळई. आख्खी कोंबडी टोचून ती गोल फिरवत भाजायची हे तिचं काम. आता कोंबडी आवडणाऱ्या घरानं ही सळई घेतली तर ठीक. पण चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या घरांतून ही सळई तितक्याच आवडीनं घेतली जाते. 'असू दे, फीचर आहे' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. पहिल्या रविवारी सळईला फ्लॉवरचा गड्डा टोचून पाहतात. दुसऱ्या फेऱ्यालाच त्याचे तुरे गळून खालच्या रॉडवर पडतात, आणि मग सळई पोळपाटाच्या मागे उभी राहते. ओव्हनमधला पंखा हे खरं तर कामाचं अंग. गरम हवा सगळीकडे फिरते, नानकटाईचे दोन ट्रे एका वेळी सारखे भाजले जातात, तापमानही वीसेक अंशांनी कमी ठेवता येतं. लिटरराव त्याच्यापुढे फक्त 'आहे' असं लिहितात आणि पुढे जातात.

यावर कोणी म्हणेल, विजेचं तरी कळायला नको का? नक्की कळायला हवं, आणि इथे लिटररावांना माझा पूर्ण नमस्कार. घरातला साधा पॉइंट सहा अँपिअरचा. २३० व्होल्टला गुणलं तर १,३८० वॅट. मोठे ओव्हन पंधराशे ते दोन हजार वॅटचे असतात, त्यांना जाड पिनांचा पॉवर पॉइंटच हवा. तो न बघता बाजारातून कन्व्हर्टर आणून लावणारे लोक आहेत, आणि प्लग वितळल्याचा वास आला की ते आधी केककडे बघतात. लिटरराव असं कधी करणार नाहीत. पण त्यांना पॉवर पॉइंट किती अँपिअरचा हवा हे माहीत असतं, स्वयंपाकघरातला तो एकुलता पॉइंट फ्रिजनं अडवलेला आहे हे माहीत नसतं. मग एक्स्टेन्शन बोर्ड की इलेक्ट्रिशियन, यावर आठवडा जातो. विजेच्या खर्चाचाही हिशेब त्यांनी मांडलेला असतो: पंधराशे वॅट तासभर म्हणजे दीड युनिट, आणि ठरलेली उष्णता आली की रॉड मधूनमधून बंद होतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. हिशेब निर्दोष. फक्त दर महिन्याला वीस तास धरून केलेला. वीस तास काय करणार, हे शीटमध्ये नाही.

रॉड बंद होतो हे कागदावर माहीत असणं वेगळं आणि समोर लाल दिवा विझलेला बघणं वेगळं. दिवा विझला की लिटरराव सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. फोन लागेपर्यंत दिवा परत पेटलेला असतो. थर्मोस्टॅट हा त्यांचा आवडता विषय, आणि पदार्थाला खरपूस रंग येतो त्या प्रक्रियेचं वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली केलं, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगतात. माहिती बरोबर आहे. पण तो रंग आणण्याची विद्या आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. कोकणातलं काकडीचं धोंडस किंवा सीकेपी घरातलं भानोळं करताना भांड्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे, असा वरखाली विस्तव ठेवत. गोव्याच्या बिबिंकाचा एकेक पदर तर वरच्या आचेवर भाजून मग पुढचा ओतायचा. दोन रॉडांच्या ओव्हनचं तत्त्व हेच. निखारे कधी वाढवायचे आणि कधी ओढायचे हे करणारीला वासावरून कळे. ओटीजीच्या बटणावरचे अंश आणि आतले अंश यांत दहा-वीसचा फरक सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला की तो कळतो. लिटरराव थर्मामीटर आणत नाहीत. आपण निवडलेल्या बटणावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, अशी त्यांची भावना असावी. कमाल तापमान २५० अंशच हवं यावर मात्र ते अडून बसतात, जरी घरात होणारी नानकटाई १६०-१७० वर आणि केक १८० वर उरकतो.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: पुरुषांवरच का घसरता, अशा बायका नसतात का? असतात. लिटरताई मलाही दिसतात. बेकिंगच्या क्लासचं सर्टिफिकेट, केकवर नाव काढायची बारा नोझल आणि एकदाही न तापलेला ओव्हन, एवढा त्यांचा संसार. हा प्रकार स्त्री-पुरुषावर ठरत नाही, वापरण्यावर ठरतो. रोज गॅस पेटवणारं माणूस, मग ते कोणीही असो, दुकानात वेगळेच प्रश्न विचारतं. हा ट्रे आमच्या सिंकमध्ये आडवा मावेल का? आत तूप उडालं तर हात घालून पुसता येईल का? खालचा चुऱ्याचा ट्रे पुढून निघतो की ओव्हन उचलावा लागतो? सेल्समनकडे याची उत्तरं नसतात, म्हणून तो लिटररावांकडे वळतो, आणि दोघं पुन्हा वॅटवर येतात. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० पासून मराठी घराला वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकवला. ते माप टिकलं, कारण वाटी प्रत्येक घरात हाताशी होती. लिटररावांच्या मापांचं नेमकं उलटं आहे. ती खोक्यावर असतात, आणि खोकं गॅरंटीसाठी माळ्यावर.

तिसरा आक्षेप २०२० च्या टाळेबंदीचा. तेव्हा कितीतरी पुरुषांनी घरी पाव भाजले, त्यांचं काय? ते खरे. त्यांना ओळखायची खूण सोपी: मनगटाच्या वर चटक्याचा एक आडवा डाग असतो आणि लिटर विचारले तर त्यांना आठवत नाहीत. 'आमचा मागून जास्त तापतो, मधे एकदा ट्रे फिरवावा लागतो,' असं ते सांगतात. कुठल्याही ओव्हनबद्दल याहून उपयोगाचं वाक्य बोलता येत नाही. त्यांच्यापैकी बरेच जण लिटरराव म्हणूनच सुरू झाले होते हेही कबूल केलं पाहिजे. म्हणजे सुटका आहे. पण ती पीठ हाताला लागल्यावर होते.

मग हा माणूस एवढा अभ्यास करतो तरी का? कंजूषपणा हे कारण नव्हे. अभ्यासाअंती तो हमखास महागच घेतो. मला वाटतं, घरात स्वयंपाकाचा मान मोठा आहे हे त्याला कळतं, आणि झारा हातात न घेता त्या मानात वाटा मिळायचा हा एकच रस्ता त्याला दिसतो. याला पुरावा ओट्याच्या कोपऱ्यातच बसलेला असतो. दहा वर्षांपूर्वी अशीच शीट करून त्यानं कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह घेतला होता. त्यात भाजता येतं, ग्रिल करता येतं, आणि तो आजवर निवलेला चहा गरम करत आला आहे. ओटीजी घ्यायचं कारण काय, तर 'मायक्रोवेव्हमध्ये नीट भाजलं जात नाही'. नीट की वाईट, हे कोणी भाजून पाहिलेलं नाही. निरुपद्रवी हौस आहे, करू द्या, असंही म्हणता येईल, आणि मीही म्हटलं असतं. पण या हौसेचं भाडं ओटा भरतो, आणि ओट्यावर लिटरराव उभे राहत नाहीत.

तेव्हा अगदीच घ्यायचा असेल तर शीट घरी ठेवावी आणि मोजायची टेप, घरातलं केकचं भांडं आणि ते भांडं वापरणारं माणूस, असं तिघांना दुकानात न्यावं. आधी ओट्यावरची रिकामी जागा मोजावी, पॉइंट बघावा, मग दुकानात भांडं आत ठेवून दार लावून पाहावं आणि ट्रे काढून त्याची लांबी सिंकच्या लांबीशी ताडावी. उरलेल्या ओव्हनांतून लिटररावांनी खुशाल हवा तो निवडावा. भांडं घेऊन दुकानात जाणं शोभत नाही, असं ते म्हणतील. त्यांच्या आजीच्या काळी दिवाळीच्या आधी बायका नानकटाईसाठी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात, भर रस्त्यानं डबे मिरवत परत येत, आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. दुकानदार फार तर भांडं उलटं करून त्यावरचं नाव वाचेल. नाव घातलेलं असलं तर बरंच; वॅटच्या चर्चेत ते तिथंच विसरलं तरी घरी परत येईल.