फ्लॉवरला हळद लागली

पुण्यात भाजी कुणीही आणतो. ती धुवायची कशी, यावर मात्र मतं असावी लागतात. आमच्या घरात तीन पंथ आहेत.

आई हळद-मीठवाली. कोमट पाण्यात मीठ आणि चमचाभर हळद घालून ती फ्लॉवरचे तुरे सोडते. लग्न ठरलेल्या मुलासारखा तो पिवळा होऊन परातीत बसतो. मिठाने अळ्या बाहेर पडतात हे खरं, आणि एखादी तरंगली की आईचा चेहरा खुलतो, "बघ, म्हटलं नव्हतं?" नाहीच निघाली तर ती आणखी काळजीत. "अळीसुद्धा शिवत नाही म्हणजे किती औषध मारलं असेल!"

बायको सोड्याची, आणि तिच्याकडे पुरावा आहे. 2017 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांना दोन कीटकनाशकं लावून पाहिलं. लिटरला दहा ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर सालीवरचा अंश निघून गेला, साध्या पाण्यापेक्षा चांगला. सालीत मुरलेला मात्र निघाला नाही. हे शेवटचं वाक्य वाचताना तिचा चष्मा सापडत नाही.

सासरे व्हिनेगरवाले. व्हिनेगरने काही जंतू मरतात. द्राक्षं मात्र लोणच्याची वाटतात. द्राक्षावरचा पांढुरका थर ते 'औषध, औषध' म्हणत घासून काढतात. तो द्राक्षाने स्वतःच तयार केलेला मेणाचा थर असतो, हे त्यांना सांगणार कोण? जावई तर नाहीच.

एका रविवारी तह झाला. सोडा आणि व्हिनेगर, दोन्ही एकाच पातेल्यात! असं काही फसफसलं की ओटा भरला. सगळे खूश. वास्तविक आम्ल आणि अल्कली एकमेकांना खाऊन मोकळे झाले होते. वायू उडून गेला, पातेल्यात खारट पाणी उरलं. पुण्यात दोन विद्वानांचं एकमत झालं की साधारण एवढंच उरतं.

अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन म्हणतं, साबण-बिबण नको, वाहत्या नळाखाली चोळून धुवा. त्यांच्याकडे पुण्यासारखं गुरुवारी पाणी बंद नसतं.

परवा सासऱ्यांबरोबर महात्मा फुले मंडईत गेलो. 1886 सालची ही दगडी इमारत. तिथे उभं राहिलं की सासऱ्यांच्या अंगात आपोआप अधिकार येतो. एक मावशी डब्यातलं पाणी ओंजळीने कोथिंबिरीवर शिंपडत होत्या.

"हे पाणी कुठलं?" सासरे.

"खडकवासल्याचं, काका. तुमच्याकडं काय गंगेचं येतं?"

सासऱ्यांनी दोन जुड्या घेतल्या. भाव न करता.