दार कोणी वाजवायचं?

“वाळला नाही जी, उलट वजन वाढूनच आला. पण घुम्मा झाला माझा पोट्टा,” असं म्हणत शेजारच्या काकूंनी कोथिंबिरीची जुडी कम्पाउंडच्या भिंतीवर ठेवली. आमच्या लेआउटमध्ये कोणाला मोठा विषय काढायचा असला की आधी भिंतीवर भाजी येते. निवडायला कोथिंबीर आली म्हणजे अर्धा तास. मेथी आली तर तास धरून चाला.

विषय काकूंच्या धाकट्याचा. तो इथं नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत आहे. कंपनीनं त्याला वर्षभरासाठी जर्मनीतल्या स्टुटगार्टला पाठवलं होतं. जाण्याआधी ही बातमी दूधवाला, प्रेसवाला, सलूनवाला करत करत हुडकेश्वर रोडनं पार म्हाळगीनगर चौकापर्यंत पोचली होती. आता तो परत आला, तर परत आल्याची बातमीच नाही. मग भिंतीपाशी यावंच लागतं.

“झालं काय पण?” मी विचारलं.

“काय झालं म्हणजे? पहिल्याच दिवशी उपाशी राहिला! शनिवारी रात्री पोचला. म्हटलं, सकाळी दूध, ब्रेड, कांदे आणून घे. तं रविवारी गावातली सारी दुकानं बंद! किराणा बंद, मॉल बंद. आपल्या इथं रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, आन तिकडं कुत्रं नाही रस्त्यावर. म्यां दिलेल्या चिवड्यावर दिवस काढला त्यानं.”

एवढ्यात आमचे हे पेपर घेऊन ओट्यावर आले. रिटायर झाल्यापासून त्यांना भिंतीवरच्या चर्चेत तज्ज्ञ म्हणून बोलावं लागत नाही, ते आपणहून येतात. “रविवारची विश्रांती तिकडं राज्यघटनेत आहे,” ते म्हणाले. “1919 च्या घटनेत ते कलम होतं, 1949 च्या घटनेत तसंच उचललं. स्टेशनवरचं दुकान, पेट्रोलपंप, असं थोडंफार काय ते उघडं.”

“मंग त्या घटनेत नव्या माणसानं काय खायचं ते पण लिहा म्हणा,” काकूंनी देठ मोडला. “बरं, पाण्याची बाटली आणली तं निघाला सोडा! तिकडं म्हणे बुडबुडेवालं पाणीच पितात. साधं पाणी पाहिजे तं बाटलीवरचं वाचा, नाहीतं नळाचं प्या. आन बाटली फेकायची नाही हो. तिचे पंचवीस सेंट आधीच कापलेले असतात. दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली घाला, चिठ्ठी निघते, चिठ्ठी दाखवून पैसे परत. हे मात्र मले आवडलं. आपला भंगारवाला काट्यात मारतो.”

कचऱ्याचंही तेच. कागद वेगळा, ओला वेगळा, पॅकिंगचा वेगळा, उरलेला वेगळा. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणं वेगवेगळ्या पेट्यांत, आणि त्याही रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. आपण इथं ओला-सुका दोन डबे ठेवतो आणि कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की जो हाताला लागेल तो घेऊन धावतो.

“पण खरी मजा जिन्याची,” काकूंचा आवाज खुलला. “एक दिवस पाहतो तं याच्या दाराले पाटी लटकलेली. याले वाटलं, कोण्या क्लासची जाहिरात. काढून ठेवून दिली. चार दिवसांनी खाली चिठ्ठी डकवलेली. पाटी म्हणजे जी, या आठवड्याची पाळी तुमची! जिना झाडायचा, पुसायचा, बाहेरचा फुटपाथ झाडायचा, बर्फ पडला असला तं तोही काढायचा. मंग पाटी दुसऱ्याच्या दाराले. घरी ताट उचलून ठेवत नव्हता, वहिनी! बिन पैशाची शिकवणी झाली.” ही पाळीची रीत स्टुटगार्टच्या बाजूची, श्वाबेन मुलखाची खास ओळख. बाकीचे जर्मनसुद्धा तिच्यावरून त्यांची चेष्टा करतात, असं ह्यांनी घातलंच मध्ये.

काकूंना सगळ्यात झोंबली होती ती चिठ्ठी. “तोंड नाही का त्याइले? सामने राहते ती म्हातारी. जिन्यात दिसली की मान हलवते. आन सांगायचं असलं तं चिठ्ठी! यानं एकदा सावजी मसाला परतला, तं छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायले लागलं. साऱ्या बिल्डिंगीनं दारं उघडली, पाहिलं, बंद केली. कोणी इचारलं नाही, बाबा, काय जळलं, जेवला का.”

ऑफिसची तऱ्हा काकूंना कमी माहीत. ती मला आमच्या मुलाकडून कळली, दोघं एकाच कॉलेजचे. आपल्याकडं साहेबानं विचारलं, “शुक्रवारपर्यंत होईल?” की आपण म्हणतो, “होऊन जाते ना, सर.” त्याचा अर्थ साहेबालाही कळतो आणि आपल्यालाही: प्रयत्न करतो, देवाची मर्जी. तिथल्या साहेबानं ते “होऊन जाते” तारखेसकट लिहून घेतलं. शुक्रवारी सकाळी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, झालं का? नव्हतं झालं. मग नव्हतं होणार तर हो का म्हणालास? आवाज चढवला नाही, टोमणा नाही, सरळ प्रश्न. पोट्ट्याला रात्री झोप नाही. वाटलं, आता परतीचं तिकीट. सोमवारी तोच साहेब कॅन्टीनमध्ये शेजारी बसून मजेत फुटबॉलवर बोलतोय! तोंडावर चूक काढणं म्हणजे राग नसतो, हे कळायला त्याला बरेच महिने गेले. वाढदिवसालाही तसंच. हा वाट पाहत बसला की कोणी केक कापेल. तिकडं ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. आदल्या दिवशी शुभेच्छा देणं अशुभ, आणि त्या दिवशी केक नाही म्हणजे माणूस कंजूष.

आणखी एक आहे, पण ते काकूंना माहीत नाही, तुम्हीही सांगू नका. ऑफिसची मंडळी त्याला सौनात घेऊन गेली. गरम वाफेची खोली. हा चड्डी घालून गेला, तर त्याला नम्रपणे बाहेर काढलं. आत कपडे चालत नाहीत, टॉवेल चालतो, तोही बसायला. बाया-माणसं एकाच खोलीत. पोट्टा म्हणे बाहेर येऊन तासभर लिंबू सरबत पीत बसला. आईला त्यानं सांगितलं, “वाफारा घेतला.”

“याला ‘कल्चर शॉक’ म्हणतात,” ह्यांनी पेपरची घडी घातली. “कालेर्व्हो ऑबर्ग म्हणून एक मानववंशशास्त्रज्ञ होता. 1954 मध्ये रिओ दि जानेरोत त्यानं या विषयावर भाषण दिलं, आणि कुठं? महिला क्लबात!”

“म्हणजे बायकांच्या गप्पांतूनच निघालं,” मी म्हटलं.

“त्यानं लक्षणं सांगितली. सारखे हात धुणं, पाण्याची धास्ती, सगळे आपल्याला फसवतायत असं वाटणं, जरा उशीर झाला की संताप, तिथली भाषा शिकायचीच नाही असा हट्ट, आणि आपल्याच देशाच्या माणसांना चिकटून राहणं. सुरुवातीचे काही आठवडे सगळं छान छान. मग चीड. मग हळूहळू सवय.”

“अगदी असंच!” काकू म्हणाल्या. “पहिल्या महिन्यात फोटोच फोटो. डोंगर, द्राक्षाचे मळे, बर्फ. मंग फोन आला की नुसता हं, हं. डिसेंबरात तं साडेचारलेच अंधार. मार्चात काहून तं घड्याळं तासभर पुढं केली तिकडं, आन मी आपली जुन्याच टायमाले फोन लावून राहिली.”

मग ह्यांनी इतिहास काढला, काढल्याशिवाय राहवत नाही. मराठी माणसाचं परदेशी ‘डेप्युटेशन’ काही आजचं नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले ते जवळपास चौदा वर्षं तिथंच अडकले. त्याच्याही आधी, 1781 मध्ये, राघोबादादांचे वकील हणमंतराव लंडनात होते. ब्राह्मण माणूस, खाणावळीत जेवणार कसा? पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांना त्यांचे हाल कळले. त्यांनी हणमंतराव आणि त्यांच्या सोबत्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं मोठं काचघर मोकळं करून दिलं. तिथं यांनी आपलं स्नान करावं, आपला स्वयंपाक करावा, सोवळं सांभाळावं.

“पाहा, त्या गोऱ्यानं इचारलं तरी,” काकू म्हणाल्या. “माझ्या पोट्ट्याचं दार कोणी वाजवलं नाही तीन महिने.”

इथं मला राहवेना, कारण दाराची गोष्ट मला मुलाकडून पुरती कळलेली होती. आपल्या हुडकेश्वरात ट्रकमधून पलंग उतरत असतो तेव्हाच समोरची बाई पाण्याची कळशी घेऊन येते. मागोमाग चहा. चहासोबत चौकशी: कुठले, आडनाव काय, घरचं की भाड्याचं, मुलं किती. संध्याकाळपर्यंत लेआउटला सगळी कुंडली पाठ. म्हणजे आपल्याकडं जुन्यानं नव्याकडं जायचं. हा पोट्टा याच हिशेबानं स्टुटगार्टात दाराकडं डोळे लावून बसला. कोणी आलं नाही. यानं ठरवलं, आपल्या रंगामुळं असेल, मसाल्याच्या वासामुळं असेल.

तिकडची रीत उलटी. नवा आला की त्यानं चार दारं वाजवायची आणि सांगायचं, मी अमुक, वरच्या मजल्यावर आलो आहे. हे त्याला ऑफिसातल्या एका पुण्याच्या बाईनं सांगितलं. मग त्यानं घरून आलेली संत्रा बर्फी बशीत घातली आणि समोरच्या आजीबाईंचं दार वाजवलं. त्या काय म्हणाल्या असतील? इतके दिवस त्या बिल्डिंगभर सांगत होत्या की नव्या पोराला वळण नाही, आला पण नाव सांगायला फिरकला नाही! म्हणजे बिल्डिंगवालेही तीन महिने दाराकडं डोळे लावून बसले होते. पुढं त्याच आजीबाईंनी याला कचऱ्याच्या पेट्या समजावल्या आणि फोडणी घालताना खिडकी उघडी ठेवायला सांगितलं. मसाल्याबद्दल त्यांची तक्रारच नव्हती, यंत्राबद्दल होती.

काकू गप्प. हातातली काडी तशीच. “हे मले नाही सांगितलं त्यानं.”

“आईला कोण चांगलं सांगतं काकू? आईला उपास सांगायचा असतो.”

“मंग आता इथं येऊन काहून घुम्मा?”

आता त्याला इथला धक्का बसतोय. परतल्यावरचा हा दुसरा धक्का बऱ्याच जणांना पहिल्यापेक्षा जड जातो, कारण त्याची कोणी तयारीच केलेली नसते. परवा रात्री चौकातल्या लाल सिग्नलवर गाडी उभी केली यानं, रस्ता रिकामा. मागच्या तिघांनी हॉर्न वाजवून त्याचा उद्धार केला. मावशी न सांगता घरात आल्या तर हा म्हणाला, “फोन करून यायचं ना.” मावशींनी ते पार बुटीबोरीपर्यंत पोचवलं. मीटिंगमध्ये यानं सरळ सांगितलं, “शुक्रवारी होणार नाही,” तर इथला साहेब म्हणाला, “जर्मनीहून शिंगं फुटून आला.”

माझं मत विचाराल तर पोट्ट्याचं काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते पाठवणाऱ्यांचं. कंपनीनं व्हिसा दिला, तिकीट दिलं, विमा दिला, थंडीचं जाकीट घ्यायला पैसे दिले. आईनं चिवडा, लोणचं, मसाला दिला. पण तिथं शेजाऱ्याकडं आधी कोणी जायचं, “हो” म्हटलं की ते लेखी का धरतात, केक कोणी आणायचा, या तीन गोष्टी सांगायला कोणालाच सुचलं नाही. त्याला दहा मिनिटं लागली असती. त्यापायी पोट्ट्यानं एक अख्खा हिवाळा एकट्यानं काढला.

तेव्हा तुमच्या घरचं कोणी ऑनसाईट निघालं असेल तर तिथं आधी राहून आलेल्या एकाला जेवायला बोलावून त्याला सगळं विचारून घ्या. बॅगेत संत्रा बर्फीचा एक डबा जास्तीचा टाका, तो शेजाऱ्यांचा. आणि पोचल्याच्या आठवड्यात, रविवार सोडून, दार आपणच वाजवायचं, हे बजावून सांगा.