फरारी कोनाच्या तपासाविषयी सूचना

त्रिकोणाच्या तीन कोनांपैकी दोघांनी आपापले माप लिहून देऊन राजरोस बसावे आणि तिसऱ्याने मात्र ‘क्ष’ हे टोपणनाव धारण करून फरारी व्हावे, हा प्रकार भूमितीच्या अंमलात इतका नित्याचा आहे की, त्याच्या तपासाची रीत प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असणे इष्ट होय.

प्रथम कंपासपेटीतील कोनमापकाचा मोह आवरावा. आकृती प्रमाणात काढलेली नसते, आणि मोजून आणलेला कोन कोणताही परीक्षक पुराव्यात दाखल करून घेत नाही.

तदनंतर हजर कोनांच्या जबान्या घ्याव्यात. एक ४७ अंश व दुसरा ६८ अंश सांगत असेल, तर त्यांची बेरीज १८० मधून वजा जाता उरणारे ६५ अंश हाच तो इसम. हा १८० चा हुकूम कोणाच्या सहीचा, अशी हरकत कोणी घेतल्यास युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील ३२ वा सिद्धांत पुढे करावा : एक बाजू एका शिरोबिंदूपुढे वाढवून त्याच शिरोबिंदूतून समोरच्या बाजूस समांतर रेषा काढली की बाह्यकोनाचे दोन वाटे पडतात, आणि एक व्युत्क्रम कोन म्हणून व दुसरा संगत कोन म्हणून, दोन्ही दूरस्थ आंतरकोनांच्या नावे बिनतक्रार चढतात; बाह्यकोन व त्याचा शेजारी आंतरकोन मिळून सरळ रेषेवर १८० भरत असल्याने तिन्ही कोनांचा हिशेब तेथेच मिटतो.

जबानी एकच मिळाल्यास बाजूंचे नातेसंबंध तपासावेत. समान बाजूंसमोरील कोन समान असल्याने, त्या बाजूंमधला कोन ४० अंशांचा निघाल्यास उरलेल्या १४० ची ७०-७० अशी वाटणी होते.

काही कोन मात्र पक्के मुरलेले असतात. १९२२ साली लँगली या इंग्रज गणितज्ञाने २०, ८० व ८० अंशांच्या त्रिकोणात दोन रेषा ओढून असा एक कोन दडवला की, बेरीज-वजाबाकीचा सारा फौजफाटा तेथे हात हलवीत परततो. नेमक्या जागी एक जादा रेषा ओढावी, तेव्हाच तो ३० अंशांचा कोन मुकाट्याने हजर होतो.

हुकुमाची हद्दही ध्यानी असावी. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून परस्परांशी काटकोन करणारी दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत उतरवली असता तिन्ही कोन काटकोन होऊन बेरीज २७० भरते. सपाट कागदाबाहेर हा १८० चा परवाना चालत नाही.

अखेरीस तिन्ही मापांची बेरीज पुन्हा करावी, आणि ती १८१ भरल्यास युक्लिडवर फिर्याद गुदरण्यापूर्वी आपली वजाबाकी एकवार तपासावी.