एका दोरीत सुरू!

आउटबोर्ड इंजिनाची प्राथमिक मार्गदर्शिका, खास गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांसाठी

चुलतभावाच्या पडवीत गोणपाटाखाली इंजिन उभं दिसलं आणि आरतीनंतर सगळ्या पोरांसमोर तुम्ही बोलून गेलात, "उद्या सकाळी खाडीत फेरी!" आता काय करायचं ते पुढे दिलं आहे. काल वाचलं असतंत तर गप्प बसला असतात.

लाज वाटून घेऊ नका. या यंत्राचा जन्मच छाप पाडण्यातून झाला, असं म्हणतात. अमेरिकेतला ओले एविनरूड हा नॉर्वेजियन मेकॅनिक तळ्याकाठच्या सहलीत प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला. परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं. पुढे 1909 च्या सुमारास त्याने आउटबोर्ड इंजिन विकायला काढलं. आइस्क्रीम कुठलं होतं ते इतिहासाला ठाऊक नाही. तिने त्याच्याशी लग्न केलं, एवढं मात्र नक्की.

साहित्य: प्लगपान्हा, कोरडं फडकं, पारदर्शक बाटली, माणशी एक लाइफ जॅकेट आणि दोन वल्ही. वल्ही बघून पोरं हसतील. हसू द्या.

पायरी 1. दोरी ओढू नका.
35-40 किलोचं धूड होडीच्या मागच्या फळीवर चढवून दोन्ही स्क्रू आवळलेत की हात आपोआप दोरीकडे जातो. तो मागे घ्या. आधी तीन गोष्टी बघा. गिअरचा दांडा न्यूट्रलला हवा. नसेल तर बऱ्याच इंजिनांची दोरी हलतच नाही आणि तुम्ही "जाम झालंय" असं जाहीर करून मोकळे होता. दुसरी, लाल दोरीची क्लिप इंजिन बंद करायच्या बटणात अडकवलेली हवी. ती नसेल तर ठिणगीच पडत नाही, मग अनंत चतुर्दशीपर्यंत ओढत बसा. ही क्लिप बहुधा घरीच राहते, दिनदर्शिकेच्या खिळ्याला. तिसरी, टाकीच्या टोपणावरचा हवेचा छोटा स्क्रू उघडा हवा. हा स्क्रू लक्षात ठेवा. पुढे भेटणार आहे.

पायरी 2. फुगा दाबा.
पेट्रोलच्या नळीत रबरी फुगा असतो. त्यावरचा बाण इंजिनाकडे करून तो कैरीसारखा कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर नळी कुठेतरी हवा खाते आहे, नाहीतर टाकी रिकामी आहे. टाकी हलवून बघायला कमीपणा मानू नका.

पायरी 3. आता ओढा.
थंड इंजिनाला चोक बाहेर ओढायचा, मुठीवरची खूण 'स्टार्ट'ला आणायची. दोरी हळू ओढत न्या, जड लागली की तिथून एकदम झटका द्या. त्याआधी मागे वळून बघा. तुमच्या कोपराच्या टप्प्यात मेव्हणे उभे असतात.

पायरी 4. जमाव.
पाचव्या झटक्याला माणसं जमतात. पहिला म्हणतो, "प्लग गेला." दुसरा म्हणतो, "कार्बोरेटर." तिसरा, "केवढ्याला घेतलंत?" काठावर जाळं विणत बसलेले एक आजोबा असतात. ते काहीच बोलत नाहीत. त्यांच्याकडे कोणी बघतही नाही.

पायरी 5. प्लग.
पेट्रोलचा भपकारा येतोय आणि पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलंय? म्हणजे चोक ओढून ओढून तुम्ही इंजिनाला पेट्रोल पाजलंत. चोक आत ढकला. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही प्लग काढा. काळे, ओले निघाले तर फडक्याने पुसून वाळवा. लाल क्लिप काढून ठेवून रिकाम्या इंजिनाची दोरी चार वेळा ओढा, आत साचलेलं बाहेर पडेल. प्लग लावा, क्लिप लावा. ठिणगी बघायची हौस असेल तर ती पेट्रोलच्या वासात भागवू नका. जमावातल्या बिडीवाल्याला दहा पावलं मागे पाठवा.

पायरी 6. पेट्रोल.
तरीही मख्ख? मग पेट्रोलची जन्मतारीख विचारा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला बाकीच्यांनी इंजिनं बाहेर काढली, तुमच्या भावाने "गणपतीनंतर बघू" म्हटलं. म्हणजे टाकीत मे महिना आहे. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीच्या तळातलं थोडं बाटलीत काढून उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं काढा आणि ताजं भरा. टू-स्ट्रोकला 50 ला 1 लागत असेल तर लिटरमागे 20 मिली ऑइल. कार्बोरेटरच्या वाटीचा तळचा स्क्रू सैल करून तिथलंही जुनं सोडून द्या. जेट बुजलं असेल तर क्लीनरचा फवारा मारा. तार घालू नका, भोक मोठं होतं. मग सगळी टोपणं, सगळे स्क्रू घट्ट बंद करा.

पायरी 7. विजय.
दुसऱ्याच झटक्याला सुरू! निळा धूर, पोरांच्या टाळ्या. मागून पाण्याची बारीक धार पडतेय ना, तेवढं बघा. ती नसेल तर आतला रबरी पंखा पाणी खेचत नाही, लगेच बंद करा. धार आहे? चोक आत, लाल दोरी मनगटाला आणि निघा.

खाडीच्या मधोमध ते बंद पडतं. ओहोटी लागलेली असते. तुम्ही पुन्हा पायरी 5 उघडता. तेवढ्यात काठावरून आजोबांचा आवाज येतो, सकाळपासूनचा पहिला: "रे, टाकीचो इस्क्रू उघड!"

पायरी 6 च्या शेवटी "सगळे स्क्रू" आम्ही म्हटलं खरं. तुम्ही हवेचाही बंद केलात. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. चूक आमची, वल्ही तुमची.

पायरी 8. बंद करणं.
परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवा, म्हणजे आतलं मीठ निघून जाईल. चालू असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि कार्बोरेटर कोरडा होऊन ते आपोआप थांबेपर्यंत वाट बघा. पाच-दहा मिनिटांचं काम. मे महिन्यात कोणी एवढं केलं असतं तर पायरी 5 आणि 6 लिहाव्या लागल्या नसत्या.

पण तेव्हा जेवणाची पानं वाढलेली असतात, पोरं हाका मारत असतात, आणि इंजिन तसंच गोणपाटाखाली जातं. म्हणून ही मार्गदर्शिका जपून ठेवा. त्या खिळ्यालाच अडकवा, लाल क्लिपेशेजारी.